‘स्मूद’ या शब्दातलं पाणी

टेबलावर दोन पेले होते. दोन्हींत बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, दोन्हींत जेमतेम बोटभर. पहिल्याचा घोट घेऊन पिणाऱ्याने मान डोलावली, ‘‘वा, एकदम स्मूद,’’ म्हणत पेला जवळ ओढला. दुसऱ्याच्या घोटाला त्याचे डोळे बारीक झाले, नाकातून जोरात श्वास सुटला आणि तो पेला दोन बोटांनी पलीकडे सरकवला गेला. ‘‘ही जाळते.’’ झाला निकाल. गप्पा दुसरीकडे वळल्या. पाचेक मिनिटांनी शेजारच्याने त्या नाकारलेल्या पेल्यात काही न बोलता दीड चमचा पाणी घातलं आणि थोड्या वेळाने तो पुन्हा त्याच्यासमोर ठेवला. त्याने हुंगलं, घोट घेतला, गालात घोळवला, गिळला. मग विचारलं, ‘‘ही तिसरी कुठली?’’

तिसरी नव्हतीच.

बाटल्याही एकाच घरच्या होत्या. पहिली बेसिल हेडन, दुसरी ओल्ड ग्रँड-डॅड बॉन्डेड. दोन्ही अमेरिकेच्या केंटकी राज्यात, जिम बीम कंपनीच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या. दोन्हींचं मॅश बिल, म्हणजे धान्यांचं प्रमाण, एकच सांगितलं जातं: ६३ टक्के मका, २७ टक्के राय (गव्हासारखं एक धान्य), १० टक्के मोड आणून वाळवलेलं बार्ली. बीमच्या नेहमीच्या बर्बनपेक्षा यात राय दुपटीने आहे, म्हणून जिभेवर मिरी आणि पुदिन्याची चुणूक जास्त. ठळक फरक जोराचा. पहिली ८० प्रूफ, दुसरी १००. अमेरिकेत प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट, तेव्हा ४० टक्के आणि ५० टक्के. आणि गंमत दुकानाच्या फळीवर आहे. तिथे यातली पातळ बाटली घट्ट बाटलीपेक्षा चांगलीच महाग असते. आता खरं बोलायचं तर बेसिल हेडनवर २०१४ पर्यंत ८ वर्षं असा वयाचा, म्हणजे पिंपात मुरण्याचा, आकडा छापलेला असे आणि ‘बॉन्डेड’ म्हणवायला कायद्याने ४ वर्षं पुरतात, त्यामुळे आतली पिंपं वेगळी निवडलेली असणार. या जुळ्या बहिणी नव्हेत, सख्ख्या म्हणू. पण ‘एकदम स्मूद’ आणि ‘जाळते’ या दोन टोकांमधलं अंतर दीड चमचा पाण्याने जवळपास मिटावं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

कारण मधल्या किमतीच्या बर्बनचा, म्हणजे अमेरिकेत साधारण ३० ते ६० डॉलरच्या बाटलीचा, सगळा व्यवहार या एका शब्दावर चालतो. वीस डॉलरवालीकडून कुणाची मोठी अपेक्षा नसते. दोनशेवाली घेणारा बहुतेक वेळा तिची गोष्ट विकत घेतो. मधल्या फळीवर मात्र माणूस खरोखर विचार करतो, दहा डॉलर जास्त दिले तर काय जास्त मिळेल, आणि उत्तर येतं, ‘ही जास्त स्मूद आहे.’ मिरचीने जिभेवरचे जे मज्जातंतू चाळवतात, तेच अल्कोहोलही चाळवतं. उष्णता ओळखणारे तंतू ते. टक्केवारी उतरली की चटका उतरतो. तेव्हा स्मूद म्हणणारा माणूस पुष्कळदा, नकळत, बाटलीत किती पाणी आहे तेवढंच सांगत असतो.

सगळ्याच जळजळीला पाणी हे उत्तर नाही, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. अल्कोहोलचा चटका जिभेच्या शेंड्यावर पटकन बसतो आणि पाणी घातल्यावर निघून जातो. कच्चेपणाचा खरखरीतपणा जात नाही. त्यात हिरव्या कणसाचा, कच्च्या पिठाचा वास असतो. किंवा नखांचा रंग पुसायच्या द्रावणासारखा, ईथाइल ॲसिटेटचा. पाण्याने हे वास उलट मोकळे होऊन वर येतात. तिसरा प्रकार लाकडाचा: जास्त उकळलेल्या बिनदुधाच्या चहासारखी तुरट कोरड, जिभेच्या कडांना आणि हिरड्यांना धरून बसणारी. तीही पाण्याने फक्त पातळ होते, बदलत नाही. म्हणून एखादी बाटली जाळते म्हणून बाद करण्याआधी तिला पाणी पाजून बघावं. चटका गेला आणि मागे व्हॅनिला, करपलेली साखर, लवंग असं काही उरलं, तर दोष बाटलीचा नव्हता. चटका जाऊन मागे कच्चं पीठ उरलं, तर दहा वर्षांचा अनुभव असलेली जीभही तिला वाचवू शकणार नाही.

पाणी घालण्याचंही एक मोजमाप आहे आणि बहुतेक लोक ते अंदाजपंचे करतात. ३० मिलि व्हिस्की ५० टक्क्यांवरून ४५ वर आणायची तर साडेतीन मिलिच्या आत पाणी लागतं. ४० वर आणायची तर साडेसात मिलि, म्हणजे ५ मिलिचा दीड चमचा. बस. नळाखाली पेला धरला की हा आकडा क्षणात ओलांडला जातो, आणि वर क्लोरीनचा वास मिळतो तो वेगळाच. ऊर्ध्वपातित किंवा साधं गाळलेलं पाणी, खोलीच्या तापमानाचं, ड्रॉपरने किंवा औषधाच्या पिचकारीने घालावं. घातल्याघातल्या चाखू नये. दोन-तीन मिनिटं वास विस्कटलेला असतो, मग बसतो. काही बाटल्या पाणी घातल्यावर किंचित दुधाळ होतात. ती भेसळ नव्हे. थंड करून गाळलेली नसलेली व्हिस्की साधारण ४६ टक्क्यांखाली गेली की तिच्यातले मेदाम्लांचे एस्टर विरघळलेले राहत नाहीत, त्यांचा तो धूसरपणा. उलट चांगली खूण मानावी. बर्फाबद्दल एकच सांगणं: पिताना हवा तेवढा घाला, पारखताना नको, थंडीने वास झोपतो.

आता त्या पाण्याची किंमत काढू. बर्बन पिंपात जाते ती जास्तीत जास्त १२५ प्रूफवर, म्हणजे ६२.५ टक्के, ही मर्यादा १९६२ पर्यंत ११० होती. पिंप नव्या ओकचं, आतून जाळलेलं, ५३ गॅलनचं, म्हणजे २०० लिटर. ते केंटकीच्या उन्हाळ्या-हिवाळ्यांत उभं राहतं. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात मागे सरते. जुन्या पिंपाची फळी आडवी कापली तर हे डोळ्यांनी दिसतं: आतून काळा कोळसा, त्याखाली भाजून तपकिरी झालेला थर आणि मग लाकडाच्या पोटात एक लालसर रेघ, दारू कुठवर पोचली त्याची. कोळशाखालच्या भाजलेल्या थरातून साखरेची करपट गोडी येते, लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन आणि लवंगेचा वास देणारं युजेनॉल, ओकच्या लॅक्टोनमधून ओल्या खोबऱ्याचा वास. बर्बनमध्ये रंग किंवा चव वरून घालायला बंदी आहे. जे काही आहे ते धान्य, यीस्ट आणि या फळीतून येतं. या बदल्यात पिंप दरवर्षी काही हिस्सा हवेत घालवतं. वर्षाला ४ टक्के धरले तर चार वर्षांनी २०० लिटरचे १७० उरतात, बारा वर्षांनी १२३.

चार वर्षांच्या त्या १७० लिटरचा जोर ६० टक्के धरू. म्हणजे आत १०२ लिटर शुद्ध अल्कोहोल. ५० टक्क्यांवर भरलं तर ७५० मिलिच्या २७२ बाटल्या होतात. ४० वर भरलं तर ३४०. एकाच पिंपातून ६८ बाटल्या जास्त, नुसत्या पाण्याने. करातही फरक पडतो, पण किरकोळ: संघराज्याचा पूर्ण दराचा उत्पादन कर प्रूफ गॅलनला, म्हणजे १०० प्रूफच्या एका गॅलनला, साडेतेरा डॉलर आहे, म्हणजे १०० प्रूफच्या बाटलीवर २ डॉलर ६७ सेंट, ८० प्रूफवर २ डॉलर १४. खरी बचत पिंपांची. माल कमी पडू लागला की कारखान्यांना पाणी आठवतं ते यामुळेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेकर्स मार्क या बर्बनवाल्यांनी साठा पुरत नाही म्हणून ९० प्रूफवरून ८४ वर उतरणार असं जाहीर केलं होतं. चवीत फरक पडणार नाही असंही सांगितलं. पिणाऱ्यांनी असा गिल्ला केला की आठवड्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. फरक खरंच कळला असता का, हा प्रश्न बाजूला. पण अल्कोहोलच्या ३ टक्क्यांसाठी लोक भांडले, हे चांगलंच झालं.

म्हणून दुकानात उभं राहून पहिला हिशोब जोराचा करावा. १०० प्रूफच्या ७५० मिलिच्या बाटलीत घरी १८७ मिलि पाणी घातलं की ८० प्रूफचे ९३७ मिलि होतात. चाळीस डॉलरची १०० प्रूफ बाटली म्हणजे ८० प्रूफच्या भाषेत बत्तीस डॉलरची. पाणी घरी घालता येतं. काढता येत नाही. मधल्या फळीवर ८० प्रूफची बाटली पंचेचाळीस डॉलर मागत असेल तर तिने त्याबदल्यात दुसरं काहीतरी दाखवावं, वय दाखवावं, नाहीतर जड काचेला आणि लाकडी बुचाला पैसे जाताहेत असं खुशाल समजावं.

वय दाखवण्याचे नियम मोठे मजेशीर आहेत. ‘स्ट्रेट’ म्हणवायला किमान दोन वर्षं लागतात, आणि चार वर्षांखालचं असेल तर वय छापावंच लागतं. म्हणजे ‘केंटकी स्ट्रेट बर्बन’ लिहिलेल्या बाटलीवर आकडाच नसेल तर ती निदान चार वर्षांची आहे. आकडा असेल तर तो आतल्या सर्वांत तरुण पिंपाचा. एलायजा क्रेग स्मॉल बॅचवरचा १२ चा आकडा २०१६ मध्ये गेला आणि ८ ते १२ वर्षांच्या पिंपांचं मिश्रण आलं. बाटलीचा जोर तोच राहिला, ९४ प्रूफ. नॉब क्रीकनेही त्याच सुमारास ९ चा आकडा काढला आणि २०२० मध्ये परत आणला. परत आलेला आकडा ही या धंद्यातली फार दुर्मिळ गोष्ट, आणि १०० प्रूफ, ९ वर्षं, हे दोन आकडे एकत्र मधल्या किमतीत दिसले की हात पुढे करायला हरकत नसावी. बारा-पंधराच्या मागे मात्र उगाच लागू नये. बर्बनचं पिंप नवंकोरं असतं, ते वापरलेल्या पिंपासारखं हळू बोलत नाही. गोदामाच्या वरच्या गरम मजल्यावर बाराव्या वर्षी पुष्कळ पिंपं तुरट, कडसर होऊन बसतात. सहा ते दहा हा बर्बनचा ऐन उमेदीचा काळ, निदान या जिभेच्या मते.

‘स्मॉल बॅच’ला कायद्यात काही अर्थ नाही. वीस पिंपं असोत की दोनशे, छापता येतं. ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ला मात्र १८९७ पासून अर्थ आहे: एकाच कारखान्याची, एकाच हंगामातली दारू, सरकारी निगराणीच्या गोदामात किमान चार वर्षं, आणि बरोबर १०० प्रूफ. त्यावर कारखान्याचा नंबरही असतो. डीएसपी-केवाय-११३ दिसलं की ती बफेलो ट्रेस कारखान्याची, नाव काहीही असो. लेबलच्या मागच्या बारीक अक्षरात ‘डिस्टिल्ड बाय’ आहे की नुसतं ‘बॉटल्ड बाय’, हे वाचायला दहा सेकंद लागतात. पुढे केंटकीतल्या आजोबांची गोष्ट आणि मागे ‘डिस्टिल्ड इन इंडियाना’, असं पुष्कळदा निघतं. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गची ती ३६ टक्के रायची व्हिस्की उत्तम असते, तिच्यावर राग नाही. आजोबांचे पैसे वेगळे का द्यायचे, एवढाच प्रश्न.

आणि पदकं. हेन्री मॅकेना १० वर्षं, बॉन्डेड, १०० प्रूफ, २०१९ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पर्धेत सर्वोत्तम व्हिस्की ठरली. त्याआधी ती मधल्या फळीच्या खालच्या टोकाला गुपचूप उभी असायची. पदकानंतर फळ्या रिकाम्या झाल्या आणि किंमत चढली. पण ही बाटली सिंगल बॅरल आहे. प्रत्येक पिंप वेगळं भरलं जातं, बाटलीवर पिंपाचा नंबर असतो. परीक्षकांनी चाखलं ते पिंप संपलंसुद्धा. दुकानात जे आलं ते त्याचं भावंड. कधी त्याहून सरस, कधी नुसतंच लाकडाळ.

मग स्वतःच्या जिभेवर किती विसंबायचं? थोडंच, आणि तेही डोळे बांधून. दोन बाटल्यांची तुलना करायची तर आधी दोन्ही एका जोरावर आणाव्यात, नाहीतर फक्त पाणीच चाखलं जातं. मग तीन पेले, प्रत्येकी १५ मिलि. दोनमध्ये एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, तळाला चिकटपट्टीवर खुणा, आणि भरणारा माणूस वेगळा. बर्बनचा रंग खरा असल्याने तो चुगली करतो, त्यामुळे पेले गडद किंवा चक्क चिनी मातीचे घ्यावेत. वेगळा पेला ओळखायचा, असं सहा वेळा. नुसत्या अंदाजाने सहापैकी चार बरोबर येण्याची किंवा त्याहून बरं करण्याची शक्यता १० टक्के आहे, पाच किंवा सहाची २ टक्क्यांच्या आत. चारवर खूश होऊ नये. आणि सहा फेऱ्या एका बैठकीत तर मुळीच करू नयेत: तिसऱ्या फेरीनंतर जीभ बधिर होते, पाचवीनंतर माणूस. दोन फेऱ्या, मधे पाणी आणि बिनमिठाचं बिस्किट, उरलेलं दुसऱ्या दिवशी. थुंकायला भांडं ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

चाखण्याची रीत तशी साधी आहे, फक्त घाई नको. तोंडाशी निमुळता पेला, भरल्यावर दहा मिनिटं तसाच. नाक आत खुपसू नये. पेला हनुवटीशी धरून हळूहळू वर आणावा, तोंड किंचित उघडं ठेवून, म्हणजे अल्कोहोलचा झणका टाळूवरून निघून जातो आणि वास मागे राहतो. पहिला घोट जिभेला जागं करण्यापुरता, त्यावर मत देऊ नये. रांगेतला पहिला पेला नेहमी तिखट लागतो याचं कारण हेच, आणि क्रम उलटा केला की निकाल उलटतो. दुसरा घोट चावून चावून प्यावा. केंटकीत याला केंटकी च्यू म्हणतात. गिळल्यावर छातीत उतरणारी ऊब ही केंटकी हग. ती जोराप्रमाणे मिळतेच, तिला गुण नकोत. गुण द्यावेत ते घोट गेल्यावर काय उरतं त्याला. मनात आकडे मोजावेत. दहाच्या आत सगळं ओसरलं आणि मागे फक्त कोमट अल्कोहोल राहिलं, तर बाटली कितीही देखणी असो, वीस डॉलरची. तीसपर्यंत काहीतरी बदलत राहिलं, गोडीमागून लवंग, लवंगेमागून भाजलेल्या लाकडाची किंचित कडसर शेपटी, तर पन्नास द्यायला जीव दुखत नाही. वर्णनासाठी छापील शब्द शोधत बसू नये. ‘टॉफी’ म्हणण्यापेक्षा ‘काकवी’ आठवली तर काकवी लिहावं. पुढच्या वेळी तोच वास त्याच शब्दाने सापडतो.

शिवाय एका रात्रीत निकाल लागत नाही. बूच काढल्या दिवशी पुष्कळ बाटल्या आकसलेल्या असतात, नाकात नुसतं अल्कोहोल. खांद्यापर्यंत उतरल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांत, त्या मोकळ्या होतात. एक तृतीयांश उरल्या की हवा जास्त आणि दारू कमी. तशीच काही महिने पडली तर फळांचे वास आधी जातात, मग गोडी, आणि लाकूड तेवढं राहतं. उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर टिकते. बाटली उभीच ठेवावी, आडवी नको. वाइनला चालतं ते इथे चालत नाही, इतकं अल्कोहोल बूच खातं. तेव्हा मत तीन वेळा लिहावं: पहिल्या दिवशी, निम्म्यावर आणि शेवटाला. तिन्ही जुळली तर बाटली पुन्हा घ्यावी.

त्या रात्री ते दोन पेले तसेच टेबलावर राहिले, न धुता. सकाळपर्यंत दोन्ही सुकले होते, तळाशी फिकट पिवळी कडी तेवढी. अल्कोहोल उडून गेल्यावर पेल्यात जे उरतं ते बव्हंशी पिंपाचं, आणि अनुभवी लोक रिकामा पेला हुंगल्याशिवाय वही मिटत नाहीत. स्मूद ठरलेल्या पेल्यात नाक घातलं तर किंचित व्हॅनिला होता, शोधावा लागला. पलीकडे सरकवलेल्या पेल्यात लवंग, करपलेली साखर आणि पावसात भिजून उन्हात वाळलेल्या फळीचा वास होता, दीड चमचा पाणी पिऊनही. स्मूदवाला अजून झोपला होता. चिठ्ठीवर त्याने रात्रीच दोघींचे गुण लिहून ठेवले होते, आणि खाली ‘तिसरी: हिचं नाव विचारायचं’.